दुर्गाबाई खोटे : एका मानी कलावतीचें चरित्र

मनुष्याची खरी परीक्षा संपत्तींत होत नाहीं, विपत्तींत होते, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ऐकलेलें सत्य मनांत ठसावयास एखादें जिवंत उदाहरण डोळ्यांपुढें असावें लागतें. आमच्या वार्षिकांत आजवर संतांचीं, वीरांचीं आणि शास्त्रज्ञांचीं चरित्रें पुष्कळ येऊन गेलीं. यंदा आम्ही एका अभिनेत्रीचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. शाळेच्या वार्षिकांत नटीच्या चरित्राचें काय प्रयोजन, अशी शंका कोणाच्या मनांत आल्यास ती अगदींच अस्थानीं आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि ही शंकाच या चरित्राचा खरा विषय आहे. सुशिक्षित व कुलीन स्त्रीनें पडद्यावर काम करून पोट भरावें हें शोभतें काय, असा प्रश्न ज्या काळीं सारा समाज विचारीत होता, त्या काळीं श्रीमती दुर्गाबाई खोटे यांनीं त्या प्रश्नाचें उत्तर वादविवादानें न देतां आपल्या साठ वर्षांच्या आचरणानें दिलें.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईंतील लाड या घराण्यांत झाला. त्यांचें माहेरचें नांव विठा. वडिलांचें नांव पांडुरंग शामराव लाड व आईचें मंजुळाबाई. घराणें मूळचें गोमंतकांतील, त्यामुळें घरांत कोंकणी बोलली जाई. गिरगांवच्या कांदेवाडींत मोठ्या एकत्र कुटुंबांत त्यांचें बालपण गेलें. चुलते, चुलत्या, आत्या, भावंडें यांनीं घर सदा गजबजलेलें असे. अशा घरांत वाढलेल्या मुलास माणसें ओळखण्याची व सर्वांशीं जुळवून घेण्याची कला न शिकवितां येते. पुढें रंगभूमीवर व पडद्यावर राणी, माता, सासू, आजी अशा नाना तऱ्हेच्या स्त्रिया उभ्या करतांना त्यांना ही बालपणींची शिदोरी खचित उपयोगीं पडली असली पाहिजे.

त्या काळीं मुलींना चार पुस्तकें शिकवून लग्न करून देणें हीच सर्वत्र रीत होती. लाडांच्या घरीं मात्र मुलीच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झालें नाहीं. दुर्गाबाईंचें शालेय शिक्षण मुंबईंतील कॅथीड्रल हायस्कुलांत झालें. पुढें त्या सेंट झेवियर्स कॉलेजांत गेल्या. हें कॉलेज जेझुइट पंथाच्या मिशनऱ्यांनीं १८६९ सालीं स्थापन केलें. ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतून या देशांतील सर्व धर्मांच्या व जातींच्या मुलामुलींना विद्या मिळाली, त्याचें दुर्गाबाईंचें चरित्र हें एक उदाहरणच होय. अशाच एका शाळेच्या छायेखालीं बसून आम्ही हें लिहीत असल्यामुळें त्याचा उल्लेख करतांना आम्हांस विशेष आनंद होतो. इंग्रजी भाषेवर त्यांचें उत्तम प्रभुत्व होतें. आयुष्याच्या उत्तरार्धांत एका इंग्रजी चित्रपटांतही त्यांनीं काम केलें, तें आम्ही पुढें सांगूंच.

कॉलेजचें शिक्षण चालू असतांनाच त्यांचा विवाह श्री. विश्वनाथ खोटे यांच्याशीं झाला. खोटे घराणें श्रीमंत व प्रतिष्ठित होतें. विश्वनाथराव स्वतः यंत्रशास्त्र शिकलेले होते. नोकरचाकर, गाडीघोडे, सणसमारंभ, कशालाच तोटा नव्हता. बकुळ व हरिन असे दोन पुत्र झाले. आतां या सुनेनें सुखानें संसार करावा व लक्ष्मीनें तिच्या घरीं पाणी भरावें, असें कोणालाही वाटलें असतें. परंतु लक्ष्मी चंचल आहे, हें वचन कांहीं उगीच रूढ झालेलें नाहीं. थोड्याच वर्षांत खोटे घराण्याची श्रीमंती ओसरली. घरांत दोन लहान मुलें, अंगीं श्रीमंतीच्या संवयी आणि हातीं पैसा नाहीं, असा बिकट प्रसंग ऐन पंचविशींत त्यांच्यावर आला.

अशा वेळीं माहेरचा आधार घेऊन बसणें अशक्य नव्हतें. आपल्या समाजांत तें कोणी गैर मानलें नसतें. परंतु दुर्गाबाई स्वभावानें मानी होत्या. दुसऱ्याच्या अन्नावर आपलीं मुलें वाढवावीं, हें त्यांच्या मनास पटेना. प्रथम त्यांनीं मुलांच्या शिकवण्या धरल्या. येथें आम्ही वाचकांना क्षणभर थांबवूं इच्छितों. ज्या विद्येला घरांतील वडीलधाऱ्यांनीं कदाचित् केवळ भूषण मानलें असेल, तीच विद्या विपत्तीच्या पहिल्या दिवशीं त्यांच्या हातीं भाकरीचें साधन होऊन आली. दागिने मोडतां येतात, घर विकतां येतें, परंतु शिकलेलें ज्ञान सावकारास लिहून देतां येत नाहीं. तें ज्याचें त्याच्यापाशींच राहतें.

शिकवण्यांच्या अल्प मिळकतींत संसार भागणें कठीण होतें. त्याच सुमारास आपल्या देशांतील चित्रपट बोलूं लागला होता. १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट मुंबईंत झळकला, आणि मूकपटांचा जमाना पाहतां पाहतां मावळला. मूकपटांत चेहरा व हावभाव पुरत असत. आतां शुद्ध वाणी, गाता गळा आणि भाषेची जाण हवी होती. सुशिक्षित स्त्रियांची गरज निर्माण झाली, परंतु सुशिक्षित स्त्रिया कोठून येणार ? समाजाच्या दृष्टीनें सिनेमा म्हणजे भल्या घरच्या मुलींनीं ज्याची सावलीही घेऊं नये असें ठिकाण होतें.

ही समजूत किती खोलवर रुजली होती, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हां राणी तारामतीचें काम करण्यास त्यांना एकही स्त्री मिळाली नाहीं. अखेरीस अण्णा साळुंके नांवाच्या एका पुरुषास लुगडें नेसवून त्यांनीं तारामती उभी केली. त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनीं काम करून पहिलें पाऊल टाकलें, हें खरें, पण त्या मार्गानें जाणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या. मराठी रंगभूमीवरही बालगंधर्वांसारखे थोर नट स्त्रीभूमिका करीत, आणि त्यांतच प्रेक्षक धन्यता मानीत. हा दोष केवळ आपलाच होता असें नव्हे. इंग्लंडांत शेक्सपियरच्या काळीं त्याच्या नायिकांचीं कामें कोवळ्या आवाजाचीं मुलेंच करीत असत. तेथील रंगभूमीवर स्त्रिया उघडपणें येऊं लागल्या त्या १६६० च्या सुमारास. म्हणजे प्रत्येक देशास या प्रश्नाचा निकाल केव्हांना केव्हां लावावाच लागला.

१९३१ सालींच दुर्गाबाईंना 'फरेबी जाल' नांवाच्या चित्रपटांत एक लहानसें काम मिळालें. चरितार्थाची निकड असल्यानें त्यांनीं तें पत्करलें. आपल्या वाट्याच्या तुकड्यापलीकडे संपूर्ण चित्रपट कसा आहे, याची त्यांना पुरती कल्पना नव्हती. चित्रपट हलक्या प्रतीचा निघाला. जाहिरातींत त्यांच्या माहेरच्या व सासरच्या प्रतिष्ठेचा उपयोग करून घेण्यांत आला, आणि त्यामुळें निंदेचा भडका अधिकच उडाला. आप्तेष्ट रागावले, ओळखीचे लोक तोंड फिरवूं लागले. दोनही घराण्यांची अब्रू गेली, असें जो तो म्हणूं लागला. पहिल्याच पावलास एवढी ठेच लागल्यावर दुसरी एखादी स्त्री त्या वाटेकडे पुन्हा फिरकली नसती. दुर्गाबाईंनाही या प्रकारानें अतिशय दुःख झालें.

परंतु वाईट चित्रपटांतील त्यांचें अल्पसें काम एका पारख्याच्या दृष्टीस पडलें होतें. कोल्हापुरांत १९२९ सालीं स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे एक चालक व दिग्दर्शक श्री. व्ही. शांताराम हे आपल्या पहिल्या बोलपटासाठीं नायिका शोधीत होते. हा बोलपट म्हणजेच 'अयोध्येचा राजा', आणि भूमिका होती राणी तारामतीची. एकोणीस वर्षांपूर्वीं जी तारामती उभी करण्यास फाळक्यांना स्त्री मिळाली नव्हती, तीच तारामती आतां एका कुलीन, कॉलेजांत शिकलेल्या मराठी स्त्रीला करावयाची होती. लोकनिंदेनें पोळलेल्या मनास पुन्हा पडद्यावर येण्याचें धैर्य करणें सोपें नव्हतें. परंतु दुर्गाबाईंनीं विचार केला असावा तो असा कीं, वाईट कामानें गेलेलें नांव घरांत बसून परत येत नाहीं, चांगल्या कामानेंच तें परत मिळतें. त्यांनीं होकार दिला.

१९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' प्रसिद्ध झाला. मराठींतील हा पहिला बोलपट होय. राजा हरिश्चंद्राची भूमिका विख्यात गायक व संगीतकार श्री. गोविंदराव टेंबे यांनीं केली होती. त्या वेळचें काम किती कष्टाचें होतें, हें आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळणार नाहीं. आज एक गातो व दुसरा ओठ हलवितो. तेव्हां पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटानें अभिनय करतां करतां स्वतःच गावयाचें, आणि वाद्यें वाजविणाऱ्यांनीं कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करावयाची. मध्येंच कोणी खोकला किंवा बाहेर कावळा ओरडला तरी सारें पुन्हा आरंभापासून करावें लागे. शिवाय हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोनही भाषांत काढला होता, त्यामुळें तोच प्रसंग दोनदां वठवावा लागे. दुर्गाबाईंनीं हें सर्व निष्ठेनें केलें. राजवैभव गेलेली, दासी म्हणून विकली गेलेली, पुत्रशोकानें विव्हळ झालेली आणि तरीही सत्यापासून न ढळणारी तारामती पाहून प्रेक्षकांच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले. श्रीमंतींतून दारिद्र्यांत येण्याचें दुःख ज्या स्त्रीनें नुकतेंच स्वतः भोगलें होतें, तिच्या वाणींत तें कृत्रिम कसें वाटावें ? जे लोक कालपर्यंत नांवें ठेवीत होते, तेच आज त्यांचें नांव आदरानें घेऊं लागले.

त्या काळीं आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता, आणि येथील माध्यमिक शाळांतून मुख्यतः उर्दूमध्यें शिक्षण घ्यावें लागे. मराठींतील आद्य कवि मानले जाणारे मुकुंदराज ज्या अंबाजोगाईंत समाधिस्थ झाले असें परंपरा सांगते, त्याच भूमींतील मुलांना आपल्या भाषेंत शिकण्याची पुरेशी सोय नव्हती. अशा दिवसांत शुद्ध, भारदस्त मराठी मोठ्या पडद्यावरून ऐकूं येऊं लागणें, ही केवळ करमणुकीची गोष्ट नव्हती, असें आम्हांस वाटतें.

त्याच वर्षीं प्रभातच्या 'माया मच्छिंद्र' या चित्रपटांत दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेंत दिसल्या. तारामती जेवढी सोशिक, तेवढीच ही राणी करारी. पाळलेला चित्ता जवळ बाळगून दरबारांत वावरणारी ती तेजस्वी मूर्ति लोक पुष्कळ वर्षें विसरले नाहींत. पुढें त्या कलकत्त्यास गेल्या. तेथील न्यू थिएटर्स या नामांकित संस्थेच्या 'राजरानी मीरा' (१९३३) या चित्रपटांत त्यांनीं मीराबाईची भूमिका केली. ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) या चित्रपटांत त्या सीता झाल्या, आणि श्री. पृथ्वीराज कपूर राम झाले. दोनही चित्रपटांचे दिग्दर्शक श्री. देवकी बोस होते. 'सीता' हा चित्रपट इटलींतील व्हेनिस येथील महोत्सवांत दाखविला गेला व तेथें त्यास मानपत्र मिळालें. १९३६ सालीं प्रभातच्या 'अमर ज्योति' या चित्रपटांत त्यांनीं सौदामिनीची भूमिका केली. अन्यायानें चिडून बंड उभारणारी आणि समुद्रावर लुटारूंचें नेतृत्व करणारी ही स्त्री पाहून प्रेक्षक थक्क झाले. हा चित्रपटही व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविण्यांत आला.

येथें त्यांच्या स्वतंत्र बाण्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळीं नटनट्या एकेका कंपनीच्या मासिक पगारावर नोकर असत. कंपनी सांगेल तें काम करावें, दुसऱ्याच्या दारीं जाऊं नये, असा दंडक होता. दुर्गाबाईंनीं असें बंधन कायमचें मानलें नाहीं. कोल्हापूर, पुणें, कलकत्ता, मुंबई, जेथें चांगली भूमिका मिळेल तेथें करार करून काम करावयाचें व तें पुरें झालें कीं मोकळें व्हावयाचें, असा परिपाठ त्यांनीं ठेवला. १९३७-३८ च्या सुमारास 'साथी' या चित्रपटाच्या निर्मितींतही त्यांनीं पुढाकार घेतला. स्त्रीनें चित्रपटाच्या धंद्याची जबाबदारी शिरावर घेणें, हें तेव्हां अत्यंत दुर्मिळ होतें.

वय वाढलें कीं नायिकेचें तेज उतरतें आणि लोक तिला विसरतात, हा या व्यवसायाचा कठोर नियम आहे. पुष्कळ अभिनेत्री या नियमाला बळी पडल्या. दुर्गाबाईंनीं मात्र वयाशीं भांडण केलें नाहीं. मध्यम वयांत त्यांनीं आपणहून निराळ्या भूमिका पत्करल्या. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' (१९४१) या चित्रपटांत त्यांनीं सुनेचा छळ करणारी खाष्ट सासू रंगविली. श्री. विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप' (१९४२) मध्यें त्या कैकेयी झाल्या. जी स्त्री कालपर्यंत सीता म्हणून पूजिली जात होती, तिनें कैकेयी व्हावें, यास केवढें धैर्य लागत असेल ! लोकप्रियतेपेक्षां कलेस अधिक मानणारी व्यक्तीच असें करूं शकते. 'चरणों की दासी' ही 'पायाची दासी' याचीच हिंदी आवृत्ति. तींतील व 'भरत मिलाप' मधील भूमिकांबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संस्थेनें त्यांना उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविलें. १९४३ सालीं श्री. सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ' चित्रपटांत त्यांनीं मृणालवतीचें काम केलें, आणि मोदींच्या गर्जत्या वाणीसमोर त्यांची वाणी रतिभरही उणी पडली नाहीं.

चित्रपटांत एवढें यश मिळाल्यावरही त्यांनीं रंगभूमीची सेवा सोडली नाहीं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांतून त्यांनीं अनेक भूमिका केल्या. 'भाऊबंदकी' मधील त्यांची आनंदीबाई जुन्या रसिकांच्या स्मरणांत पुष्कळ काळ राहिली. शेक्सपियरच्या 'मॅक्बेथ' या नाटकाचें 'राजमुकुट' या नांवानें श्री. वि. वा. शिरवाडकर यांनीं मराठी रूपांतर केलें, त्यांतील महत्त्वाकांक्षी राणीची भूमिकाही दुर्गाबाईंनीं केली. जी भूमिका मूळ इंग्रजींत प्रथम एका मुलानें केली असली पाहिजे, ती साडेतीन शतकांनंतर मराठी रंगभूमीवर एका मराठी स्त्रीनें समर्थपणें उभी केली. ज्या प्रश्नाविषयीं आम्ही आरंभीं लिहिलें, त्याचा काळानें कसा निकाल लावला, हें यावरून दिसून येईल. १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

दुर्गाबाईंचें खासगी जीवन मात्र सुखाचें होतें असें म्हणतां येत नाहीं. पतीचें अकालीं निधन झालें, आणि मुलांच्या संगोपनाचा सारा भार त्यांच्यावर पडला. पुढें त्याहून दारुण आघात झाला. धाकटा पुत्र हरिन ऐन उमेदींत कालवश झाला. हरिनच्या पत्नी म्हणजे मराठी रंगभूमीवरील विख्यात दिग्दर्शिका श्रीमती विजया मेहता होत. तारामतीच्या भूमिकेंत रोहिदासासाठीं ज्यांनीं पडद्यावर शोक केला होता, त्यांच्याच नशिबीं खरा पुत्रशोक आला. तथापि रडत बसणें हा त्यांचा स्वभाव नव्हता. दुःख उरांत ठेवून त्या पुन्हा कामावर उभ्या राहिल्या. काम हेंच दुःखावरील औषध आहे, हें त्यांच्या चरित्रांत पानोपानीं दिसतें.

१९६० सालीं श्री. के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' हा भव्य चित्रपट प्रसिद्ध झाला. त्यांत पृथ्वीराज कपूर अकबर बादशहा झाले आणि दुर्गाबाई महाराणी जोधाबाई झाल्या. सव्वीस वर्षांपूर्वींचे राम व सीता आतां पुत्राच्या बंडानें व्यथित झालेले मातापिता म्हणून समोरासमोर उभे राहिले. एकीकडे पतीचें राज्य व दुसरीकडे पोटचा मुलगा, अशा कात्रींत सांपडलेल्या मातेची घालमेल दुर्गाबाईंनीं थोड्या शब्दांत व पुष्कळशी डोळ्यांनींच व्यक्त केली. १९६३ सालीं श्री. जेम्स आयव्हरी यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'द हाऊसहोल्डर' या इंग्रजी चित्रपटांत त्यांनीं पृथ्वीराजांचे पुत्र शशी कपूर यांच्या आईचें काम केलें. आणि १९७३ सालच्या 'बॉबी' मध्यें, जेथें पृथ्वीराजांचे नातू ऋषी कपूर नायक होते, तेथें त्या नायिकेच्या आजी झाल्या. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांबरोबर, प्रत्येक वेळीं आपल्या वयास साजेल अशी भूमिका त्यांनीं केली. त्याच सालच्या 'अभिमान' मध्येंही त्या दिसल्या. 'बिदाई' (१९७४) मधील मातेच्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांचें वय सत्तरीच्या घरांत होतें. १९८० सालच्या 'कर्ज' चित्रपटांतील त्यांची पुत्रवियोगिनी माता अनेकांना आठवत असेल. सुमारें पन्नास वर्षांच्या अवधींत त्यांनीं जवळजवळ दोनशें चित्रपटांत कामें केलीं.

केवळ अभिनयावर विसंबून न राहतां त्यांनीं उद्योगही उभा केला. १९५२ सालीं फॅक्ट फिल्म्स नांवाची संस्था त्यांनीं स्थापन केली, आणि पुढें दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या नांवानें तीस वर्षांहून अधिक काळ लघुपट, माहितीपट व जाहिरातपट काढले. दूरचित्रवाणी घरोघरीं पोचूं लागली तेव्हां बहुतेक जुने कलावंत तिच्याकडे परकेपणानें पाहत होते. दुर्गाबाईंच्या संस्थेनें मात्र १९८८ सालीं दूरदर्शनसाठीं 'वागळे की दुनिया' ही मालिका काढली. व्यंगचित्रकार श्री. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेंतून उतरलेला तो साधाभोळा वागळे व त्याचें मध्यमवर्गीय कुटुंब साऱ्या देशास आपलेंसें वाटलें. मूकपटांच्या अखेरीस ज्यांनीं पडद्यावर पाऊल ठेवलें, त्यांच्या संस्थेनें त्यांच्या चौऱ्यायशीव्या वर्षीं दूरचित्रवाणींत यश मिळवावें, हें उत्साहाचें केवढें उदाहरण !

सन्मान उशिरां आले, परंतु आले. १९६८ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री ही पदवी दिली, आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठीं स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा सर्वोच्च सन्मान मराठी बोलपटाच्या पहिल्या तारामतीस मिळाला, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्यापूर्वीं १९८२ सालीं 'मी, दुर्गा खोटे' हें त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें होतें. पुढें त्याचें इंग्रजी भाषांतरही झालें. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं त्यांनीं इहलोकीची यात्रा संपविली.

आतां या चरित्रापासून आम्हीं घ्यावें काय ? सर्वांनीं सिनेमाकडे धांव घ्यावी, असें सांगण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. त्या झगमगाटाच्या मागें लागून फसलेलीं मुलें थोडीं नाहींत, आणि खुद्द दुर्गाबाईंची पहिली पायरी निसरडीच निघाली होती. त्या तरल्या त्या रूपामुळें नव्हे, दैवामुळेंही नव्हे. त्या तरल्या विद्येमुळें, शिस्तीमुळें आणि प्रामाणिक कष्टांची लाज न बाळगल्यामुळें.

आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. दसरादिवाळी उलटली कीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊस तोडण्यासाठीं गांव सोडून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आईबापांबरोबर मुलेंही जातात, आणि शाळेचा बांक रिकामा राहतो. मागें राहिलेल्या मुलीची काळजी वाटते म्हणून कोवळ्या वयांत तिचें लग्न उरकून टाकण्याची चालही आपल्याकडे अद्यापि नाहींशी झालेली नाहीं. आईबापांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यांस दोष देणें आमच्यानें होणार नाहीं. परंतु मुलीस शिकवून तिला काय उपयोग, असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां त्यास दुर्गाबाईंची हकीकत सांगावी, असें आम्हांस वाटतें. लग्न झालें, श्रीमंत घर मिळालें, दोन पुत्र झाले, म्हणजे समाजाच्या मतें स्त्रीचें सारें कल्याण झालें. तें सारें वैभव पाहतां पाहतां गेलें, आणि मुलें जगलीं तीं आईच्या विद्येवर व कष्टांवर. संकट कोणाच्या घरीं केव्हां येईल, हें पंचांगांत लिहिलेलें नसतें. जी मुलगी शिकलेली असेल, तिच्या घरीं संकट आलें तरी तिला रिकाम्या हातानें सांपडविणार नाहीं.

मुलांनींही यांतून एक धडा घ्यावा. दुर्गाबाईंना नांवें ठेवणारे लोक कांहीं दुष्ट नव्हते. ते सामान्य, भले, देवभीरु लोक होते. परंतु स्त्री कष्ट करते म्हणून तिचा उपहास करावा, हें त्यांना गैर वाटलें नाहीं. त्यांपैकीं एकाचेंही नांव आज कोणास ठाऊक नाहीं. दुर्गाबाईंचें नांव मात्र राहिलें. आपल्या वर्गांत, आपल्या गल्लींत एखादी मुलगी सायकल चालवितांना, दुकान सांभाळतांना किंवा नाटकांत काम करतांना दिसली, तर आपण कोणत्या बाजूस उभें राहावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

दुर्गाबाईंनीं समाजाशीं भांडण केलें नाहीं, कीं समाजापुढें मानही लवविली नाहीं. त्यांनीं आपलें काम चोख केलें, आणि समाजास आपलें मत बदलण्यास अवधि दिला. आमच्या विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या अंगीं असा धीर यावा, आणि ज्या कोणत्या प्रामाणिक धंद्यांत ईश्वर त्यांस नेईल, त्या धंद्याची प्रतिष्ठा त्यांच्या आचरणानें वाढावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.